नव्या घरात झोपून बघणारे मामा

घर बांधायला मेस्त मिळतो, मुहूर्त काढायला भट मिळतो, पण बांधून झालेलं घर माणसानं राहण्यालायक झालं की नाही हे सांगणारा माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात एकच होता, आणि तो ते झोपून सांगायचा. हे माझ्या बायकोचे मामा. राहायला हळर्णला. उंच, हाडकुळे, आणि नाक असं की घरातल्या सगळ्यांना पुरून उरावं. पण हवा तपासण्याच्या कामात त्या नाकाला ते अजिबात विचारत नसत. "नाक फितूर," म्हणायचे. "पांच मिनटांत रंगाचो वास नाकाक आपलोच दिसूंक लागता. न्हिदून उठल्यार तकली कितें सांगता तें खरें." तकली म्हणजे डोकं, न्हिदप म्हणजे झोपणं. तेव्हा ज्याचं घर असेल त्यानं मामांना दुपारी बोलवायचं, शीत आणि बांगड्याची कढी पोटभर वाढायची, आणि नव्या खोलीची दारं-खिडक्या बंद करून त्यांना आत सोडायचं. सोबत फक्त त्यांची चटई. उशी नको, कारण उशीला स्वतःचा वास. त्या दिवशी डोक्याला तेल नाही आणि घरात अगरबत्ती नाही. एका दुपारी एकच खोली. चार खोल्यांचं घर असलं तर चार दुपारी आणि चार जेवणं. गावातले वात्रट लोक विचारायचे, "मामा हवा तपासतात की बांगडे?" खरं सांगायचं तर मलाही हे कधी नीट कळलं नाही.

दीड-दोन तासांनी दार उघडायचं. मामा चटईवर उठून बसलेले असायचे आणि डोळे मिटूनच तेराचा पाढा म्हणायला लागायचे. न अडखळता एकशे तीसपर्यंत पोचले तर खोली पिकी. मध्ये अडले तर कच्ची. पोचले पण घाम फुटला, तर गदर, म्हणजे आढीत घातलेला आंबा अर्धवट पिकावा तशी. महिनाभर खिडक्या उघड्या टाका. मांद्र्याला एकानं पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधल्या होत्या. मामांनी तिन्हीत झोपून तिसरी कच्ची ठरवली. मालकानं ऐकलं नाही, तिथं एका गोऱ्या पाहुण्याला ठेवलं, आणि सकाळी तो पाहुणा गादीसकट किनाऱ्यावर झोपलेला सापडला. मामा म्हणाले, बघा. मालक म्हणाला, अहो, पहिल्या आणि दुसऱ्या खोलीतलेसुद्धा तिथंच झोपले होते! असं प्रत्येक वेळी व्हायचं. मामा चुकले असं सिद्ध होत नसे, आणि बरोबर होते असंही नाही. एकदा एका बाईनं नव्या घरातला देवचार घालवण्यासाठी म्हणून त्यांच्यासमोर नारळ आणि कोंबडा ठेवला. आपल्याला मांत्रिक समजली म्हणून मामा खवळले. "हांव घाडी न्हय!" म्हणून ओरडले, आणि जाताना नारळ घेऊन गेले.

हे खूळ आलं कुठून, हे मी त्यांना तीनदा विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले, मुरगाव बंदरात तरुणपणी जहाजाच्या पोटात रंग द्यायला उतरले आणि बेशुद्ध वर आले. एकदा म्हणाले, ओला गिलावा लवकर वाळावा म्हणून त्यांच्या काकानं नव्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवली आणि सकाळी घरातली दोन्ही मांजरं गेली. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुका कित्याक जाय?" म्हणजे, तुला काय करायचंय? गोव्याची भाषा कोकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं होतं तेव्हा कुणीतरी त्यांना हटकलं, मामा, तुम्ही कुठल्या बाजूचे? तर म्हणाले, "हांव उलयतां कोंकणींत, पाढे म्हणतां मराठींत, आनी न्हिदतां खंयच्याय भाशेंत." झोप कुठल्याही भाषेत, हे ऐकून दोन्ही बाजूंचे लोक हसले आणि दोघांनाही वाटलं, मामा आपल्यातलेच.

आता माझं सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बीएस्सी, रसायनशास्त्र घेऊन. हे मी जरा जास्तच वेळा सांगतो असं बायको म्हणते, पण बाबांनी डिचोलीच्या खाणीवर टोपल्या उचलून मला शिकवलं, तेव्हा सांगणारच. त्या टोपल्यांनी बाबांची छाती गेली. चार पावलं चालले की धाप लागायची. आमचं जुनं मातीचं घर खाणीच्या रस्त्याला चिकटून. ट्रक गेला की ताटातल्या शितावर लाल थर. डॉक्टर म्हणाले, यांना कोरड्या, स्वच्छ खोलीत ठेवा, नाहीतर पुढचा पावसाळा कठीण आहे. म्हणून गोवा घटक राज्य झालं त्या सुमारास मी कर्ज काढून मागच्या बाजूला, रस्त्यापासून आत, स्लॅबचं घर घातलं. बेळगावकडच्या मेस्तानं मन लावून बांधलं. बाबांच्या खोलीत तर मी काही कमी ठेवलं नाही: भिंतींना गुळगुळीत ऑइल पेंट, प्लायवूडचं अख्ख्या भिंतीचं कपाट, त्यावर चकचकीत व्हार्निस. शिगमो झाल्यावरचा घरभरणीचा मुहूर्त धरला, लोकांना आमंत्रणं गेली, आणि बायकोनं मामांना बोलावलं.

मामा बाबांच्या खोलीत झोपले. उठले. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत आले आणि थांबले. तेरा साते येईना.

"कच्ची," म्हणाले. "जावयबापू, बापायक हंगा न्हिदयनाका."

मुहूर्ताला पाच दिवस राहिलेले. मी शास्त्र शिकलेला माणूस, म्हटलं याचा छडा लावू. दुसऱ्या दिवशी मामांना मुद्दाम जुन्या घरात जेवायला घातलं, तिथंच झोपवलं, आणि उठल्यावर पाढा म्हणायला लावला. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते... पुन्हा अडले! मी आनंदानं ओरडलो, "मामा, तुमचं तेरा साते कुठल्याच हवेत येत नाही!"

मामा शांतपणे चटई गुंडाळत म्हणाले, "हंगा येना ती लज. थंय जीब सुकली."

म्हणजे इथं तेरा साते आलं नाही ते लाजेनं, आणि नव्या खोलीत आलं नाही ते जीभ सुकल्यानं. तीन वर्षं मी वायूंची नावं, वजनं, सूत्रं पाठ केली होती. पण त्या कपाटातून काय येतंय, आणि येतंय तर किती, हे मला सांगता येत नव्हतं. खोलीत गेलो की डोळे चुरचुरायचे. ते रंगामुळे की मामांच्या बोलण्यामुळे? बाबांना तिथं ठेवावं तर मामांचा शब्द. जुन्या घरात ठेवावं तर डॉक्टरांचा शब्द आणि लाल धूळ. पाच दिवसांत मी सहा वेळा मत बदललं. बाबा खाटेवर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "तूं शिकला मरे? मागीर सांग, हांव खंय न्हिदूं?"

घरभरणी मुहूर्तावर झाली, पण बाबांची खाट बाहेरच्या खोलीत, दाराजवळ पडली. मामांनी माझं नवं कोरं कपाट चार माणसांकडून काढून व्हरांड्यात नेऊन उभं केलं. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, कपाट विकायला काढलं काय? खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या, धूळ नको म्हणून त्यांच्यावर ओले पंचे बांधले, आणि त्या दिवसापासून मामा रोज हळर्णहून बसनं डिचोलीला यायचे, पंचे भिजवायचे, जेवायचे आणि त्या खोलीत झोपायचे. दीड महिना. एका दुपारी बाबांना जोराची धाप लागली. मी घाबरलो आणि सगळा राग मामांवर काढला. "तुम्ही आत घोरता आणि माझा बाप दारात तडफडतोय!" मामा चटईवरून उठून दारात आले. बाबांनीच हात वर केला आणि श्वास जुळवत म्हणाले, "ताका बोलूं नाका. म्हजे सुवातेर तो न्हिदता."

माझ्या जागी तो झोपतो, हे ऐकून मला कळलं की मी काय ओरडलो. खोलीत विष असेल तर ते रोज आधी कुणाच्या छातीत जात होतं, हा विचार इतक्या दिवसांत या बीएस्सीला शिवला नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडाला मामा एकदा उठून बाहेर आले आणि पाढा वगैरे न म्हणता म्हणाले, "हाडा ताका." दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बाबांना आत नेलं. बाबांनी भिंतीवर हात फिरवला, आडवे झाले आणि थोड्या वेळानं त्यांना झोप लागली. मामा जेवून उठले होते, पण त्या दुपारी ते झोपले नाहीत. खाटेजवळ स्टूल ओढून बाबांच्या छातीकडे बघत बसून राहिले. मी दोनदा चहाला बोलवलं, त्यांनी नुसता हात हलवला.

बाबा उठले तेव्हा उन्हं कलली होती. मी मामांना हळूच विचारलं, "मग खोली चांगली आहे ना?"

"माका कितें खबर?" मामा म्हणाले. "तुज्या बापायक विचार." आणि बस चुकेल म्हणून घाईनं निघाले.

बाबा त्या खोलीत सात पावसाळे राहिले. ते दीड महिन्याच्या वाट बघण्यामुळे की ट्रकांपासून लांब आल्यामुळे की नुसत्या त्यांच्या हट्टामुळे, मला आजही सांगता येत नाही. मामा त्यांच्याआधीच गेले, खोकल्याच्या आजारानं. तो खोकला त्यांना कुठल्या घरात लागला, हे मी कुणालाच विचारलेलं नाही.