कापलेला चौथा प्रवेश

धम्मदीना मॅडम आणि शाळेचे डायरेक्टर उन्मेष सर यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. सर तीन वर्षांपूर्वी पुण्याहून इंदूरला आले. स्टाफरूममध्ये पहिल्याच भेटीत मॅडम म्हणाल्या, "पहले चाय घ्या सर, मग बसून बात करू." सर हसून म्हणाले, "मॅडम, हे मराठी आहे की हिंदीची झेरॉक्स?" सगळे खिदळले. मॅडम हसल्या नाहीत आणि विसरल्याही नाहीत. विसरणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

एकतीस वर्षं त्या इतिहास शिकवत होत्या. "महिदपूरला होळकर हरले, मंदसौरला तह झाला, आणि महूला गोऱ्यांची छावणी बसली," असं सांगताना त्या खिडकीतून महूच्या दिशेला असं बोट करत, की मुलं माना वळवून बघत. मुलं त्यांना टरकून असायची. कॉपी, म्हणजे वही, नसली की वर्गाबाहेर. पण बाहेर काढलेली पोरंही दाराला कान लावून उभी राहायची.

या वर्षी सव्वीस जानेवारीला सरांना मोठं नाटक हवं होतं, वसाहतीपासून प्रजासत्ताकापर्यंत. लिहायचं काम आपसूक मॅडमकडे आलं. त्यांनी चार प्रवेश लिहिले. पहिल्यात कंपनी आणि तह. दुसऱ्यात त्यांचे आजोबा भाऊराव. भाऊरावांचे वाडवडील महूच्या पलटणीत होते, पुढे इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली, आणि महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा पुन्हा बोलावणं आलं. भाऊराव थेट बर्माच्या जंगलात जाऊन आले. तिसरा प्रवेश सत्तेचाळीसचा. चौथा पहिल्या निवडणुकीचा, आणि त्यात मॅडमची आजी गयाबाई.

मतदारांची यादी करणारा माणूस गिरणीच्या चाळीत आला तेव्हा लढाईवरून परतून गिरणीत लागलेले भाऊराव पाळीवर होते. परक्या पुरुषाला बाईनं नाव सांगायचं नाही, ही सासूची ताकीद. गयाबाई दाराआड गप्प राहिली. त्यानं लिहिलं, 'भाऊरावची बायको'. अशा बिननावाच्या लाखो बायका पुढे यादीतून कापल्या गेल्या. मतदानाच्या दिवशी नवं लुगडं नेसून ती रांगेत उभी राहिली, आणि शिपायानं तिला हात धरून बाहेर काढलं. दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. सत्तावन्न साली मात्र तिनं केंद्रावर स्वतःचं नाव इतक्या मोठ्यानं सांगितलं, की कारकून दचकला.

उन्मेष सरांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. कागद टेबलावर होते आणि दोन प्रवेशांवर लाल काट मारलेली होती.

"दुसरा आणि चौथा काढू या," सर म्हणाले.

"का बरं?"

"प्रजासत्ताक दिनाला लोकांना अभिमान वाटला पाहिजे. कुणाचं नाव यादीतून कापलं, हे रडगाणं कशाला? आणि तुमचे आजोबा... राग मानू नका, पण इंग्रजांचेच शिपाई ना ते?"

मॅडमचा चेहरा दगडासारखा झाला. "सर, तुमचे आजोबा तेव्हा काय करत होते?"

"मामलेदार कचेरीत होते."

"कुणाच्या?"

सरांनी कागद आवरले. मग पेनचं टोपण लावत म्हणाले, "विषय संपला, मॅडम."

घरी मुलगी संबोधी, बँकेत नोकरीला, तिनंही आईचीच कानउघाडणी केली. "आई, तू पण ना! रिटायरमेंटला पाच महिने राहिलेत. चुपचाप काढ ना यार."

"चुपचाप राहिली म्हणूनच माझ्या आजीचं नाव कापलं."

"प्रत्येक गोष्टीत आजीला आणायची काय जरूरत आहे? लोक तुला झगडालू म्हणतात, माहीत आहे?"

"म्हणू दे," मॅडम म्हणाल्या, आणि मायलेकी दोन खोल्यांत वेगवेगळ्या जेवल्या.

सव्वीसला झेंडावंदनानंतर नाटक झालं, दोनच प्रवेशांचं. तलवारी, घोषणा, तिरंगी फुगे. आईबाप मोबाइल उंच धरून बसलेले. शेवटी निवेदिका अनुश्री मॅडमनी जाहीर केलं, "लेखन, आपल्या धम्मदीना मॅडम!" सर शाल घेऊन पुढे आले.

मॅडम मंचावर चढल्या. शाल घेतली नाही, माईक घेतला. "हे नाटक मी लिहिलेलं नाही. मी लिहिलं त्यातलं अर्धं सरांनी कापलं, आणि नाव माझं ठेवलं. कापलेलं काय होतं ते सांगते."

सरांनी हात केला आणि माईक बंद पडला. पण एकतीस वर्षं पन्नास-पन्नास पोरांच्या वर्गावर घासलेला तो आवाज. गयाबाईची गोष्ट त्यांनी शेवटच्या रांगेपर्यंत पोचवली. पालकांतून कुणीतरी ओरडलं, "अरे मॅडमजी, आज के दिन तो राजनीती मत करो!" दुसऱ्या कुणी टाळ्या वाजवल्या, त्या अर्ध्यावरच विरल्या. मॅडम गोष्ट पुरी करूनच उतरल्या.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली: शिस्तभंग, लेखी माफी द्यावी. मॅडमनी त्याच कागदाखाली लिहिलं, 'माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही', आणि कागद परत पाठवला. आठवड्याच्या आत त्यांचे वर्ग शिखा नावाच्या नव्या शिक्षिकेला मिळाले आणि त्यांना लायब्ररीत बसवलं. शिखा नोट्स मागायला आली.

"मॅडम, दहावीची परीक्षा तोंडावर आहे. मुलांसाठी तरी द्या ना."

मॅडमना मुलांचे चेहरे आठवले. पण त्या म्हणाल्या, "ज्यांनी वर्ग काढून घेतला, त्यांच्याकडून घे."

शिखा रडवेली होऊन गेली. आपण त्या पोरीशी वाईट वागलो, हे मॅडमना कळत होतं. तिला परत बोलवायला काही त्या उठल्या नाहीत.

जूनअखेरीला निरोप समारंभ ठरला. मॅडम आल्याच नाहीत. सरांनी पुष्पगुच्छ आणि मानपत्र घरी पाठवलं. मानपत्रात लिहिलं होतं, 'शांत व मनमिळाऊ स्वभावाच्या'. मॅडमनी ते दारातच उभ्यानं वाचलं, शिपायाला पाणी दिलं आणि दोन्ही वस्तू त्याच्या हातात परत ठेवल्या.

"सर विचारतील, काय सांगू?" तो म्हणाला.

"सांग, पत्ता बरोबर होता. माणूस चुकीचा लिहिलाय."