गेटबाहेरची चूल

मेस बंद होणार ही बातमी आम्हाला स्वयंपाक करणाऱ्या अक्कांकडून कळली. धुळ्यातल्या सरकारी वसतिगृहात मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. माझं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सकाळी ताट घेऊन उभी होते, तर अक्का परात पुसता पुसता म्हणाल्या, “हाऊ महिना सरना की बठ्ठं बंद शे वं माय. मी कोठेबी भाकरी थापसू. तुम्हनं कसं व्हई?”

संध्याकाळी गृहपाल मॅडमनी सगळ्या मुलींना हॉलमध्ये बसवून तेच सांगितलं, फक्त कागदी भाषेत. सरकारचा नवा निर्णय आहे. वसतिगृहात जेवण मिळणार नाही, जेवणाचे पैसे थेट तुमच्या बँक खात्यात जमा होतील.

“तुम्हीच तक्रारी करत होता ना? आता हवं ते खा,” मॅडम म्हणाल्या.

तक्रारी केल्या होत्या, हे खरं. डाळ पातळ असायची आणि आठवडाभर बटाट्याशिवाय भाजी दिसायची नाही. चांगलं जेवण द्या, असं आम्ही म्हटलं होतं. ते बंद करा, असं कुणी म्हटलं होतं?

ठरल्याप्रमाणे मेसला कुलूप लागलं. पैसे मात्र ठरल्याप्रमाणे आले नाहीत. बाहेरच्या खानावळीत गेलो तर मालक म्हणाला, आधी महिन्याचे भरा. खोलीत काही शिजवायचं तर नियमात बसत नव्हतं. एका मुलीची विजेची शेगडी मॅडमनी जप्त करून कपाटात ठेवली. रात्रीचं बाहेर खाऊन यावं, तर अंधार पडायच्या आत गेट बंद. आम्ही बिस्किटं खात होतो, मुरमुरे खात होतो. घरून आलेलं ज्वारी-उडदाचं, कळण्याचं पीठ पोत्यात तसंच पडून होतं. पीठ आहे, हात आहेत, आणि भाकरी करायला बंदी. संतापानं मला रडू यायचं.

माझ्या खोलीत साक्री तालुक्यातली एक मुलगी होती. रसायनशास्त्रात वर्गात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे. बोलायची कमी. एका सकाळी प्रयोगशाळेत तिच्या हातातली परीक्षानळी सुटली आणि ती टेबलाला धरून खाली बसली. सरांनी विचारलं, “बरं नाही का?” ती म्हणाली, “बरी आहे सर, जेवले नाही.”

त्याच दुपारी तिनं डोकं चालवलं. “नियम काय म्हणतो? वसतिगृहात शिजवायचं नाही. मग बाहेर शिजवू.”

गेटबाहेर रस्त्याच्या कडेला आम्ही तीन दगड मांडले. कुणी काटक्या आणल्या, कुणी गावाहून आलेली तूर. तवा अक्कांनी आपल्या घरून आणून दिला आणि त्या स्वतः पीठ मळायला बसल्या. येणारे-जाणारे थांबायला लागले. रिक्षावाले मान वळवून बघत होते. पहिल्या भाकरीचा वास आला आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही हसलो.

थोड्या वेळानं पोलीस आले, त्यांच्या मागून वसतिगृह चालवणाऱ्या सरकारी कार्यालयातले साहेब.

“हे काय चालवलंय? रस्त्यावर चूल?”

“आत परवानगी नाही, साहेब,” माझी साक्रीची मैत्रीण म्हणाली.

“सरकार तुमच्यासाठी एवढं करतंय. मुलींनी स्वावलंबी व्हावं म्हणून थेट खात्यात पैसे देतंय.”

“ते कधी येतील?”

“प्रक्रिया सुरू आहे.”

“तोवर आम्ही काय खायचं?”

साहेबांनी मोबाइल काढला आणि ते त्यात बघायला लागले. तेवढ्यात अक्कांनी भाकरीवर मिरचीचा ठेचा ठेवून ती त्यांच्यापुढं धरली. “जेवा साहेब.”

“नको, मी जेवून आलोय,” साहेब म्हणाले.

उपाशी पोरींपुढं आपण काय बोललो ते साहेबांच्याही लक्षात आलं असावं, कारण आवाज खाली आणून ते म्हणाले, “बघतो मी.” पोलिसांनी चूल विझवायला लावली. भाकऱ्या तेवढ्या होऊ दिल्या.

काही दिवसांनी खरंच पैसे आले. माझे आले, बाकीच्या मुलींचे आले. माझ्या मैत्रिणीचे नाही आले. कार्यालयात म्हणाले, आमच्याकडून गेले, बँकेत विचारा. बँकेत म्हणाले, या खात्यात नाही, तुझं आधार दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. ते दुसरं खातं कधीतरी गावात शिबिर लागलं तेव्हा उघडलेलं. त्याचं पासबुक कुठं, त्याला जोडलेला मोबाइल कुणाचा, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आईवडील तर उसाच्या फडात.

आलेल्या पैशांतून आम्ही खानावळीचा डबा लावला होता, त्यात मी तिला घेतलं. चारेक दिवस जेवली, मग “भूक नाही” म्हणायला लागली. सकाळी बँक, दुपारी कार्यालय. तास बुडाले, प्रात्यक्षिकं बुडाली. कॉलेजनं हजेरी कमी म्हणून पालकांना बोलावलं. पालक ऊस सोडून येणार कसे? एक दिवस मी वर्गातून परत आले तर तिची पेटी जागेवर नव्हती. ती साक्रीच्या बसमध्ये बसून गेली होती. रसायनशास्त्राच्या वह्या मला ठेवून गेली होती, तुला लागतील म्हणून. त्या वह्यांवर मी पास झाले, आणि त्याचा मला आनंद मानता आला नाही.

पुढं तिचं ते दुसरं खातं सापडलं. मी कार्यालयात विचारायला गेले, तर तिथले बाबू म्हणाले, “ती आता वसतिगृहात राहत नाही ना? मग त्या काळातला भत्ता तिला मिळणार नाही.” मी विचारलं, ती गेलीच कशामुळं? ते म्हणाले, “ते आमच्याकडं येत नाही.”

ती आता गुजरातेत एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते. कधी फोन केला तर मशीनच्या आवाजात नीट ऐकू येत नाही.

मी जळगावात बी.एड. करते आहे. या वर्षी माझी धाकटी बहीण बारावी झाली. तिला धुळ्याला घालायचं घरात चाललंय. परवा वडिलांनी फोन करून विचारलं, “तिथं जेवण देतात ना पोरींना? की आता आणखी काही नवीन काढलंय?”

विचारून सांगते म्हटलं. कार्यालयात फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “पोर्टलवर बघा.” कालपासून बघते आहे, ते उघडतच नाही.