बाळाच्या नावाचा घास

चूक माझी होती. गेल्या महिन्यापर्यंत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. आणि ती चूक एकदाच घडून गेली असंही नाही. मी ती वर्षानुवर्षं चालू ठेवली, कारण तिचा मला फायदा होत होता. फायदा हाच शब्द. दुसरा, जरा सौम्य, शोधून पाहिला. सापडला नाही.

माझी मुलगी गौरी लहानपणी भाजीला तोंड लावायची नाही. वरण-भात आणि साखर-पोळी, संपलं. केळं सोललं तरी नाक दाबून पळायची. मी अमरावतीला शाळामास्तर. वर्गात फळ्यावर गाजर-पालक काढून त्यांचे गुण सांगणारा, आणि घरी स्वतःच्या पोरीपुढे हात टेकलेला. तिच्या तब्येतीची काळजी होती का? होती. पण खरं सांगू — लाज जास्त होती.

तुम्हीही कधी घास भरवले असतील. हा काऊचा, हा चिऊचा, हा मामाचा. ज्याचं नाव घ्यावं त्याच्यासाठी पोर तोंड उघडतं. किती निर्मळ खेळ आहे — नाही का?

गौरी पाच वर्षांची असताना सुमन, माझी बायको, दुसऱ्या बाळंतपणासाठी अकोल्याला माहेरी गेली. गौरीची शाळा बुडू नये म्हणून आम्ही बापलेक अमरावतीलाच राहिलो. स्वयंपाक मीच करायचो. काऊ-चिऊला गौरी आता भुलेना. मग मला एक नवं नाव सुचलं.

"हा घास आपल्या बाळाचा. तू खाल्ला की तिकडं बाळाच्या पोटात जाते."

चमत्कार झाला. पालक गेला, गाजर गेलं, पपईची फोडसुद्धा डोळे मिटून गेली. गिळून झालं की विचारायची, "बाळाले आवडलं का?" मी म्हणायचो, लय आवडलं. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

मग एका संध्याकाळी मेथी केली. कडू झाली होती, मलाही कळत होतं. तिनं घास थुंकला. मी शाळेतून वैतागून आलेलो — पण वैताग कोणाला येत नाही? मी म्हणालो, "थुक. अजून थुक. बाळ तिकडं उपाशी मरन, मंग रडू नको."

ती रडली, पण तोंड उघडलं नाही. मी ताट उचलून नेलं.

त्याच आठवड्यात अकोल्याहून निरोप आला. गौरीला घेऊन मी तिकडे धावलो. बाळ मेलेलंच जन्मलं होतं. गळ्याभोवती नाळ अडकली होती. कोणाचाच दोष नाही, असं डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. मला. हे लक्षात ठेवा.

घरात रडारड चालू असताना गौरी माझा शर्ट ओढून हळूच म्हणाली, "बाबा, म्या मेथी थुकली म्हून बाळ मेलं का?"

उत्तर एका शब्दाचं होतं. मी ते दिलं नाही. का? दुःखात होतो म्हणून? तसं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण मला कोणावर तरी राग काढायचा होता, आणि समोर ती होती. मी म्हणालो, "जाय तिकडं."

ती गेली. पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर ती सगळं खाऊ लागली. कारलं, दोडकं, शेपू — ताटात पान उरू द्यायची नाही. एकदा तापात तिला जेवताना उलटी झाली. चूळ भरून ती पुन्हा ताटाशी येऊन बसली आणि राहिलेली भाजी संपवली. मी समोर बसून पाहत होतो. ती का खाते ते मला माहीत होतं. एक शब्द — तेव्हाही पुरला असता. पण पोरगी खात होती ना!

पालकसभेत एक बाई म्हणाल्या, "बाप्पा! सर, तुमची पोट्टी कारलं खाते? आमच्या पोट्ट्याले संत्रं दिलं तं तो त्याचा बॉल करते!" सगळे हसले. मीही हसलो, आणि उभं राहून सल्ला दिला — घास नावानं भरवा. ज्याच्यावर पोराचा जीव आहे, त्याचं नाव घ्या.

गौरी आता अकोल्याला सासरी आहे. तिचा अंशू अडीच वर्षांचा. गेल्या महिन्यात सुमन आणि मी तिच्याकडे गेलो होतो. अंशू पालकाची वाटी ढकलत होता. मी सवयीनं घास उचलला, "हा घास आईचा —"

गौरीनं माझं मनगट धरलं. घट्ट.

"बाबा, नाव नका घेऊ. आमच्या घरी घासाले नाव नसते."

सुमन हसली. "काहून वं? तुले तं तुह्या बाबानं नावं घेऊ घेऊच वाढवलं."

गौरीनं संत्र्याची फोड सोलून अंशूपुढे ठेवली. त्यानं ती दाबली, रस कपाळाला फासला, मग आपणहून तोंडात घातली. "तो खाईन तं खाईन, नाही तं नाही," ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता.

म्हणजे तो प्रश्न ती अजून धरून होती. इतकी वर्षं, प्रत्येक ताटावर.

सुमन तिथंच होती. तिचंही ते बाळ होतं. तिच्यासमोरच बोललो.

"नाही, गौरी. तू थुकली म्हून बाळ गेलं नाही. मले तवाच मालूम होतं. तू विचारलं, आन् म्या सांगितलं नाही. मंग तू खात राह्यली, म्हून कधीच सांगितलं नाही. माझं चुकलं. माफ कर म्हनत नाही. माझं चुकलं."