टिंबाच्या अलीकडचा आकडा

शिवलीला मूळची निपाणीची. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि नोकरीमुळे आता पक्की हेब्बाळची. नोकरीतून उरलेला सगळा जीव 'कणगी'त. कणगी हा माहिती साठवणारा डेटाबेस. जगभरची माणसं तो मिळून लिहितात आणि फुकट वाटतात. जुन्या यंत्रांवर तो नीट चालतो का, हे पाहायचं काम तिच्याकडे होतं.

त्या शनिवारी ४.६ ही नवी आवृत्ती निघायची होती. बेळ्ळंदूरच्या सभागृहात घोषणा करणार होता यशोवर्धन, कणगीचा प्रमुख. ३२-बिटची, म्हणजे जुन्या बनावटीची, यंत्रं या आवृत्तीपासून सोडून द्यायची, असं त्यानं ठरवलं होतं. तिलाही ते पटलं होतं. किती दिवस ते ओझं वाहायचं? तरी निघण्याआधी तिनं सवयीनं घरातल्या जुन्या यंत्रावर ४.६ चढवून पाहिली. खरं तर ती सुरूच व्हायला नको होती. पण झाली, आणि आधीच्या नोंदींवर भलतंच काही लिहीत सुटली.

शिवलीलानं आवृत्तीचा आकडा पुन्हा पाहिला: ४.५ची ४.६. टिंबाच्या अलीकडचा आकडा बदलला की माणूस थांबतो, विचारतो. पलीकडचा बदलला तर यंत्रं मुकाट्यानं नवी आवृत्ती उतरवून घेतात.

रिक्षात बसताच तिनं रविकिरणला फोन लावला. चिकोडीकडच्या एका रक्तपेढीतले संगणक तो सांभाळायचा; तिथल्या सगळ्या नोंदी कणगीतच होत्या.

"तुमची मशीनं अजून जुनीच?"

"जुनीच की अक्का. पण नवीन काही आलं की आपोआप घेतंय बघा."

रिक्षा मारतहळ्ळीच्या पुलाखाली अडकली. तिनं यशोवर्धनला फोनवर गाठलं.

"आजचं थांबव. जुन्या यंत्रांवर सुरूच होणार नाही असं कर, आणि नंबर ५.० दे."

"पाच म्हटलं की कंपन्या वर्षभर हात लावत नाहीत. प्रायोजक समोर बसलेत, शिवलीला! सोमवारी दुरुस्ती देऊ."

"सोमवारपर्यंत कुणाच्या पिशवीवर कुणाचा रक्तगट लागेल, सांगता येत नाही."

"तू सही कर. बाकीचं मी निस्तरतो."

आवृत्ती बाहेर पडायला दोन डिजिटल सह्या लागत. दुसरी तिची होती.

"नाही करत."

पलीकडे टाळ्या वाजल्या, कुणीतरी त्याचं नाव पुकारलं. "चारचौघांत तोंडघशी पाडलंस मला," म्हणून त्यानं फोन ठेवला.

मनात आणलं तर प्रमुख म्हणून तो तिची सही रद्द करून दुसऱ्याची घेऊ शकत होता. "मॅडम, स्वल्प पुढं चालत जावा, लवकर पोचाल," रिक्षावाला म्हणाला. तिला ते ऐकूच आलं नाही. ती कणगीचं पान पुन्हा पुन्हा उघडत होती. ४.५. अजून ४.५. मग खाली एक ओळ उमटली: आजचं प्रकाशन पुढे ढकललं आहे.

महिन्याभरानं ५.० आली. जुन्या यंत्रावर ती सुरूच होत नाही, आणि का होत नाही तेही सांगते. एक प्रायोजक गेला. जुनी यंत्रं ४.५वरच राहिली, आणि तिच्या दुरुस्त्या वर्षभर शिवलीलाच्याच गळ्यात पडल्या. यशोवर्धन तिच्याशी आता कामापुरतं बोलतो, तेही लेखी. मात्र जुन्या यंत्रांसाठीचा इशारा त्यानं स्वतः लिहिला होता, आणि घोषणेत सगळ्यांत वर ठेवला होता.