भिंतीच्या आत

शिंपीणबाईंच्या खोलीत मशीन एकच होतं, पण दिवसभर चालायची तीन: ते मशीन, आईचं तोंड आणि लेकीचं तोंड. मुलगा तेवढा मुखदुर्बळ निघाला.

प्रार्थनागृहातल्या मोठ्या गुरुजींचे झगे तिथेच शिवले जायचे. गुरुजी मापाला आले की सगळी गल्ली वाकायची. आई मात्र दातांत टाचण्या धरून म्हणायची, "हात वर करा. आणि पोट आत घेऊ नका, मग झगा उसवतो." ते गेले की लेकीला सांगायची, "बघितलंस ना? माप घेताना सगळेच हात वर करतात. भ्यायचं कशाला?" लेकीला बाळकडू मिळालं ते हेच. शेजारणी नाकं मुरडायच्या. आई ते हसण्यावारी न्यायची.

मग एके दिवशी मुलाने जीव दिला. का, ते कुणालाच कळलं नाही. गुरुजींचा निरोप आला: अशा माणसासाठी प्रार्थना नाही आणि दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागाही नाही.

आई आता गुरुजींना चांगलंच फैलावर घेणार, या खात्रीने लेक तिच्यासोबत गेली. आईने थेट त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"एकुलता एक मुलगा हो माझा. आत घ्या त्याला."

गुरुजींनी पाय मागे घेतले. "आईनेच कधी धाक लावला नाही, बाई. दुसरं काय होणार?"

ते वाक्य आईच्या काळजात रुतलं ते रुतलंच. मुलाला भिंतीबाहेर, झुडपांत पुरलं. त्यानंतर गुरुजी मापाला आले की आई नजर वर करेना. लेकीचा जळफळाट व्हायचा.

"आई, तूच तर सांगायचीस, भ्यायचं नाही म्हणून!"

"मी सांगायचे म्हणून तर गेला तो," आई म्हणायची आणि पुन्हा मशीन चालवू लागायची. लेकीने किती समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा लेक तिच्या कानाशी वाकली. "आई, तुला त्याच्याशेजारीच ठेवीन हं." आईला बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं.

आईने तिचं मनगट घट्ट धरलं. "नको गं. मला आत ठेव. बाहेर भीती वाटते मला."

"अगं, तो आहे ना तिथे!"

"त्याचं तिथे काय होत असेल, देव जाणे. गुरुजींना सांग, मी सुधारलेय. माझ्यासाठी एवढी वाक."

लेक गेली. जन्मात कुणापुढे न वाकलेली मान तिने वाकवली आणि आईचा शब्दन् शब्द सांगितला. गुरुजी प्रसन्न झाले. "शेवटी आली म्हणायची वाटेवर," ते म्हणाले.

आईला आत जागा मिळाली. भावाला बाहेर ठेवलं, ते लेक एक वेळ विसरेलही. पण त्या माणसाने आईला पोटच्या पोराशेजारी झोपायची भीती घातली. त्याला तिच्याकडे माफी नाही.