काकांच्या तोंडातली माय

बी.ए. होऊन मी नागपूरहून मूलजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा धानाची कापणी चालू होती आणि मंडई जवळ आली होती. दिवाळीनंतरच्या या जत्रेत आमच्याकडे नाटक हवेच. कॉलेजात जाण्यापूर्वी मी एक लिहायला घेतले होते. आसामच्या चहामळ्यात गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई, एवढीच गोष्ट. दोन अंक झाले, तिसरा राहिला. पुढे अभ्यासात ते मागेच पडले.

आईचे काम माझ्या काकांकडे होते. बायकांच्या भूमिका तेव्हा पुरुषच करत. मला शिकता यावे म्हणून घरची शेती एकट्याने ओढणारे हे काका. आल्या आल्या त्यांनी विचारले, "औंदा होते का रे नाटक? समोरचे दोन दात गेले. आनखी पडले तं माय बोबडी बोलन."

काकू खळ्यावरून ओरडल्या, "लिवून टाक बापा! तू गेला तवापासून हा मानूस घरात माय होऊन राह्यला!"

शेवट माझ्या डोक्यात पक्का होता. मुलाची बैलगाडी दारात येते आणि आई प्राण सोडते. कॉलेजात शोकांतिका शिकलो होतो ना!

काकांना वाचता येत नव्हते. मी वाचायचो आणि ऐकून ते पाठ करायचे. म्हणून आधी जुने अंक त्यांच्याकडून म्हणून घेतले. पेंढ्या बांधता बांधता ते बोलू लागले आणि मी बघतच राहिलो. मी लिहिलेली आई देवापुढे रडायची. काकांच्या तोंडची माय मुलासाठी झाकून ठेवलेल्या भातात चोच घालणाऱ्या कोंबडीला शिव्या देत होती आणि मधेच दाराकडे पाहत होती.

"काका, हे मी लिहिलं नव्हतं."

"नाई? मंग कोनं लिवलं?" ते खरेच गोंधळले. "रोज म्हनत गेलो. चुकलं का? सांग, पुन्हा शिकतो."

चूक कसली? मी नसताना त्यांनी तिला सांभाळले होते, वाढवले होते. आणि ही बाई काही वाट पाहून मरणारी नव्हती. माझा शेवट मी सोडून दिला. खळ्याशेजारच्या मोहाच्या झाडाखाली बसून तिसरा अंक लिहिला आणि काकांना वाचून दाखवला. मुलगा येतो. माय त्याला ओरडते, "हातपाय धू आंधी!" आणि पाणी आणायला आत जाते. बाहेर यायला तिला थोडा वेळ लागतो.

काकांचे हात थांबले.

"मरत नाई?"

"नाही."

"परत वाच."

दुसऱ्या सकाळी ते न्हाव्यापुढे बसले आणि भरघोस मिशी काढून आले. आमच्या गावात आईबाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढत नसे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी धसकून विचारले, "कोन गेलं जी?"

"कोनी नाई गेलं, बाई," काका म्हणाले. "माय जगली."