चिठ्ठी न घेण्याची शपथ

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. मी मिटले.

त्यांनी माझ्या उजव्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला. "मी हा हलवणार. वर गेला की 'वर' म्हणायचं, खाली गेला की 'खाली'. एवढंच."

मला हसू आलं. अंगणवाडीतल्या पोरांना विचारावं असं हे. "वर," मी म्हणाले. मग "खाली". मग पुन्हा "वर". सभेत बोलते तशी ठासून बोलत होते. सहा-सात वेळा उत्तरं दिल्यावर शेजारी उभ्या असलेल्या आईचा आवाज आला.

"अगं बाय, त्यांनी अंगठा कवाच सोडलाय."

मी डोळे उघडले. डॉक्टर स्टुलावर मागे सरकून बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात त्यांच्याच मांडीवर होते. माझा पाय टेबलावर एकटा पडला होता. तो माझा आहे हे मला फक्त दिसत होतं.

आतापर्यंत आयुष्यात मी पुष्कळदा चुकले असेन. पण मी इतक्या ठामपणे चुकू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी घाबरले नव्हते, घाबरणं नंतर आलं. आधी नुसता धक्का होता. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसा.

तो सरकारी दवाखाना होता आणि डॉक्टर माझ्याच वयाचे, तिथे नवे होते. त्यांनी मला सगळं पहिल्यापासून विचारलं आणि मी सांगितलं. सुरुवात खोडाळ्याच्या बाजारात झाली होती. मी पत्रकं वाटत चालले होते तेव्हा मागून वाल-पापडी विकणारी एक बाई ओरडली, "ए मास्तरांची पोर! वहाण इकडं ठेवून कुठं चाललीस? आम्ही विकू का ती?" आजूबाजूचे हसले, मीही हसले. मागे वळून पाहिलं तर माझी उजवी चप्पल दहा पावलांवर धुळीत पडली होती. ती पायातून कधी निघाली ते मला कळलंच नव्हतं. त्यानंतर आठवडाभर एका डोळ्याने धूसर दिसत होतं, मग आपोआप साफ झालं. मग उजव्या हाताची बोटं अशी झाली, की जणू मी सतत हातमोजा घालून आहे. हे येई आणि जाई. गेलं की मला वाटे, झालंच नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं आणि एक चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. नाशिकला मेंदू आणि नसांच्या तज्ज्ञाकडे जायचं होतं. "मला नक्की सांगता येणार नाही," ते म्हणाले. "म्हणूनच पाठवतोय. उशीर करू नका."

मी ती चिठ्ठी चार घड्या करून पिशवीत टाकली आणि तिथे ती दोन महिने राहिली.

का राहिली ते सांगायचं तर आमचं घर सांगावं लागेल. माझे बाबा मोखाड्याकडच्या शाळांमध्ये शिकवून निवृत्त झालेले मास्तर. नाचणी-भात पिकवणाऱ्या घरातले पहिले पगारदार. पगाराबरोबर त्यांनी चळवळही घरात आणली. इतरांच्या घरात भिंतीवर देवांची कॅलेंडरं असत, आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत. मी वाचायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर. आई ताज्या पत्रकावर भाजी निवडायची आणि बाबा ओरडायचे, "अगं, ते अजून वाटायचंय!" पुढे मीच पत्रकं लिहू लागले. जमिनीच्या पट्ट्यांवर, रेशनवर, टँकरवर. आणि झाडफूक करणाऱ्या भगतावर तर इतकी, की एक भगत मला जव्हारच्या बसस्टँडवर भेटून म्हणाला, "ताई, तुमच्या कागदामुळं माझं नाव लांबच्या पाड्यापर्यंत गेलं."

त्यातलंच एक पत्रक दवाखान्याचं होतं. दीड वर्षापूर्वीचं. तेव्हा आमच्या भागातल्या रुग्णाला जरा काही वेगळं झालं की हातात चिठ्ठी मिळायची, नाशिकला जा. कोण नेणार, कुठे उतरणार, कोणाशी काय बोलणार, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसे. आम्ही ठरवलं, चिठ्ठ्या परत करायच्या. तज्ज्ञ इथे आला पाहिजे. 'चिठ्ठी घेणार नाही, उठून जाणार नाही' हे वाक्य माझं. आणि त्याहून मोठी कल्पनाही माझीच. नुसत्या घोषणेने आमच्याकडे कोणी बांधलं जात नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी सुचवलं की प्रत्येक बाईने मूठभर नागली, म्हणजे नाचणी, हातात घेऊन शपथ घ्यावी. आमच्या बायका धान्य हातात घेऊन बोललेला शब्द मोडत नाहीत. भगताविरुद्ध पानंच्या पानं लिहिणारी मी. सुपातली नागली मीच वाटली, प्रत्येकीच्या उजव्या हातात.

दोन दिवस आम्ही दवाखान्यापुढे धरणं धरून बसलो. मग आश्वासन मिळालं आणि आम्ही उठलो. मी विजयाचं पत्रक लिहिलं. महिन्यातून एकदा तज्ज्ञ येणार होते. ते एकदा आले.

तर चिठ्ठी पिशवीत राहण्याचं कारण मी स्वतःला असं सांगत होते: जी मुलगी लोकांना चिठ्ठी घेऊ नका म्हणाली, ती स्वतः कशी चिठ्ठी घेऊन शहरात जाईल? मास्तरांच्या पोरीला एक न्याय आणि पाड्यावरच्या बाईला दुसरा? हे ऐकायला फार चांगलं वाटायचं. मी ते बाबांना ऐकवलं. त्यांचे डोळे चमकले. "यावर पत्रक निघेल," ते म्हणाले. "एका कार्यकर्तीचा अनुभव."

आई चुलीपुढून उठली. "काढा. पोरीच्या पायाचा पण कागद काढा. आणि वाटायला तिलाच पाठवा, एका चपलेवर."

आई माझ्याकडे वळली. "आपण तांदूळ तरी दाखवू एकदा."

"भगताकडे? दाणे बघून तो माझा आजार सांगणार? मी? आई, तू काय बोलतेस ते तुला..."

"भगताकडं नाय. डॉक्टरकडं नाय. मग तू जाणार कुठं, ते सांग."

मी पिशवीतली चिठ्ठी आणखी खाली सरकवली.

शिमगा झाल्यावर मी पोशेऱ्याला गेले. रेशन कार्डांवरची काही नावं दुरुस्त करायची होती, फॉर्म भरून घ्यायचे होते. जीपने उतरून पाड्यावर चढताना मी पायाकडे बघत चालले. आता न बघता चालताच येत नव्हतं. एका घराच्या कुडाच्या भिंतीवर मला माझंच पत्रक दिसलं. भाताच्या शितांनी चिकटवलेलं, धुराने पिवळं पडलेलं. चिठ्ठी घेणार नाही, उठून जाणार नाही.

मला आधी अभिमान वाटला. हे मी लपवणार नाही.

घरात एक मावशी होती. शपथेच्या दिवशी ती पहिल्या रांगेत होती आणि तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता, म्हणून लक्षात राहिलेली. तिने मला बसायला गोणपाट टाकलं आणि पाणी आणलं. पेला पुढे करताना तिचा पदर सरकला. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग होता. कातडी आवळून चकाकत होती.

"हे काय गं मावशी?"

"चुलीत पडले." ती सहज म्हणाली. "मला फिट येते ना. तेव्हा कायच कळत नाय. सून धावली म्हणून हातावर निभावला."

"कधीपासून येते?"

"लय दिस. तुमच्या त्या बसायच्या आधीपासून."

"मग दवाखान्यात..."

"गेले होते की. नाशिकची चिठ्ठी दिली." तिने भिंतीकडे हनुवटी केली. "ती तिथंच परत केली ना आपण. तुझ्यासमोरच केली. तूच टाळी वाजवलीस."

मला तो क्षण आठवला. टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग पडत होता आणि मी टाळ्या वाजवत होते. एकाही चिठ्ठीवर काय लिहिलं आहे ते मी वाचलं नव्हतं.

"पण मावशी, ते तर दोन दिवसांत संपलं. नंतर का नाही गेलीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण फार शिकलेल्या आणि म्हणून थोड्या वेड्या माणसाकडे पाहतो. ती आत गेली, शिंक्यातून एक चिंधी काढून घेऊन आली आणि माझ्यापुढे सोडली. आत नागली होती. मूठभर.

"हातात दाणे घेतले होते. डॉक्टर इथं येईपर्यंत जायचा नाय. तो एक आला एकदा, मी गेले त्या दिवशी, तर तो डोळ्यांचा निघाला. माझा डॉक्टर अजून आला नाय. दाणे कुणी परत घेतले नाय. मग शपथ सुटली कशी?"

आम्ही जिंकलो असं मी छापलं होतं. शपथ संपली, आता ज्यांना गरज आहे त्यांनी चिठ्ठी घ्या आणि जा, असं चार ओळींचं पत्रक कोणी काढलं नाही. बाबांनी नाही, मी नाही. आम्हाला सुचलंच नाही. आमच्या लेखी ती घोषणा होती. तिच्या लेखी ते धान्य होतं. आणि ते धान्य मी तिच्या हातावर ठेवलं होतं.

"परत कसं घेतात?" मी विचारलं.

"ज्यानं दिला त्यानं घ्यायचा. त्याच हातात."

मी उजवा हात पुढे केला. तिने दोन्ही हातांनी नागली माझ्या त्या एकाच तळव्यावर ओतली. मी मूठ मिटली आणि काहीतरी बोलायला लागले. माफीचंच असावं. तिने मला थांबवलं.

"सांडते गं बाय."

मी खाली पाहिलं. माझ्या बोटांच्या फटींतून नागली सरळ धारेने जमिनीवर पडत होती. शेणाने सारवलेल्या जमिनीवर लालसर ढीग झाला होता. मूठ जवळजवळ रिकामी होती आणि मला ती भरलेली वाटत होती.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिने माझं बोट धरून दाबलं, जोरात.

"कळला?"

"नाही."

"तुला पण?"

मी मान हलवली. पिशवीतून चार घड्यांची ती चिठ्ठी काढून तिला दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण दवाखान्याचा शिक्का तिने ओळखला. तिचा चेहरा एकदम बदलला. इतक्या आदराने माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही.

"म्हणजे तू पण पाळतेस," ती म्हणाली. "मास्तरांची पोर असून."

त्या दोन महिन्यांत मी स्वतःला जे सांगत होते, तेच ती बोलली होती. आणि तिच्या तोंडून ते ऐकताना मला कळलं की ते खोटं आहे. ती तिच्या शब्दाखातर चुलीत पडली होती. मी कुठल्या शब्दाखातर थांबले नव्हते. मला तो तज्ज्ञ काय सांगेल ते ऐकायचं नव्हतं. तो म्हणाला असता काहीच नाही, तर मी नाटकी ठरले असते. तो म्हणाला असता काहीतरी आहे, तर मग मी कोण उरले असते? जिचा हात लिहितो ती मुलगी. आणि हातच... यापुढे मी विचार करत नसे. इथे तत्त्व आडवं घालत असे.

मी हे तिला सांगायला हवं होतं. तिथेच, त्या जमिनीवर. मी नाही सांगितलं. मी दाणे गोळा करत राहिले, डाव्या हाताने.

त्या आठवड्यात तिची नवी चिठ्ठी घेतली आणि आम्ही तिघी, ती, मी आणि आई, एसटीने नाशिकला गेलो. वाटेत मावशीने आईला विचारलं, "तुमची पोर लहानपणी पण एवढी बोलायची?" आई म्हणाली, "रडायची पण भाषण दिल्यासारखी." दोघी पोट धरून हसल्या. मी खिडकीबाहेर पाहत होते आणि माझी बोटं एकमेकांवर घासून बघत होते.

तज्ज्ञ मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी आधी मावशीला तपासलं, बराच वेळ. भाजलेला हात पाहून त्यांचे ओठ घट्ट झाले, पण त्या तिच्यावर ओरडल्या नाहीत. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "या रोज घेतल्या तर फिट पुष्कळ थांबतील. खरं तर केव्हाच थांबल्या असत्या."

मग माझी पाळी आली. त्यांनी अंगठा धरला. "डोळे मिटा. वर की खाली?"

मी थांबले. आत शोधलं. काहीच नव्हतं.

"कळत नाही," मी म्हणाले.

"आता?"

"कळत नाही."

त्यांनी लिहून घेतलं, मोठ्या तपासण्या सांगितल्या, मशीनमध्ये झोपावं लागेल म्हणाल्या. काय झालंय ते आज सांगता येणार नाही. मग चिठ्ठीवरची तारीख पाहिली आणि चष्मा खाली केला. "दोन महिन्यांपूर्वी पाठवलं होतं तुम्हाला. इतके दिवस का थांबलात?"

मी तोंड उघडायच्या आत बाकावरून मावशी बोलली, मान ताठ करून.

"शपथ होती आमची, डॉक्टरीणबाई."

त्या माझ्याकडे पाहू लागल्या. आईही. आजूबाजूला कोणी टाळ्या वाजवणारं नव्हतं.

"शपथ हिची होती," मी म्हणाले. "ती मीच घ्यायला लावली. मावशी, मी मात्र घाबरले होते गं."